थांबून राहिलो

गावंडे डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकडं नव्हतं. त्यांचे पेशंट स्पोर्ट्स कारमध्ये बसत.

हे मी पाहिलं नसतं तर मीही मानलं नसतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून नागपुरात पदार्थविज्ञान शिकवायला आलो आणि ऐन मे महिन्यात सर्दी करून घेतली. कुणीतरी महाल भागातल्या होमिओपॅथचं नाव सांगितलं. जाऊन पाहतो तो दवाखान्यासमोरच्या टिनाखाली लाल रंगाची, बिनटपाची, दोनच सीटांची विलायती गाडी उभी, आणि स्टेअरिंगवर नऊवारीतल्या एक आजी.

"माहा नंबर आहे आता," त्या म्हणाल्या. "तू तिकडच्या सीटवर बस. मी आत गेली का सरकजो इकडं."

आतून हाक आली, "स्टेअरिंगवाले, या!" आजी उतरल्या, मी सरकलो. थोड्या वेळाने मलाही आत बोलावणं आलं. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या बाटल्यांमागे पन्नाशीचा एक किरकोळ माणूस बसला होता.

"काय होऊन राहिलं?" त्याने विचारलं.

"राहिलंय कुठे? अजून होतंय," मी नाक पुसत म्हणालो.

डॉक्टर मनापासून हसले. "पुण्याचे का, सर?"

आपण 'करतोय' म्हणतो तिथे नागपूरकर 'करून राहिलो' म्हणतो, एवढं व्याकरण मला त्या दिवशी गोळ्यांबरोबर फुकट मिळालं. ते मला समजलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

ती गाडी डॉक्टरांनी कामठीच्या छावणीतून बदलून जाणाऱ्या एका फौजी अधिकाऱ्याकडून घेतली होती. सहा दिवस ती पेशंट सांभाळी आणि हिवाळ्यातल्या रविवारी ऑटोक्रॉसला जाई. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या वेड्यावाकड्या वाटेवर एकट्याने गाडी पळवायची. शर्यत दुसऱ्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. आज बेसा भागात जिथे फ्लॅट उभे आहेत तिथे तेव्हा पडीक जमीन होती. गावातले पाच-सात गाडीवेडे तिथे जमत. वाट संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांनी आखलेली असे. पेटी पडली की पाच सेकंद दंड. शेवटी चुन्याने आखलेला एक लांबट चौकोन होता. त्यात गाडी पूर्ण थांबली की घड्याळ दाबायचं. आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच माझ्या ताब्यात असल्यामुळे घड्याळवाला मी झालो.

एरवी पेशंटला "सावकाश गुण येईन" असं सांगणारा हा माणूस बायकोने, कमलताईंनी, विणलेली कानटोपी आणि वेल्डरचा चष्मा चढवला की बदलून जाई. वळणावर ब्रेक लावणं त्यांना मंजूर नव्हतं. "वळणावर ब्रेक मारला का गाडीले अपमान वाटते, सर," ते म्हणत. गाडीचे ब्रेकही इतके मानी होते की सरळ रस्त्यावरसुद्धा फारसे लागत नसत. भीती वाटत नाही का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "माह्या औषधानं आजवर कोणी मेलं नाही, अन् गाडीनंही नाही." या वाक्याचा पहिला भाग ऐकून त्यांचे हितशत्रू हसत, कारण त्यांच्या औषधाने कुणी बरं झाल्याचंही फारसं ऐकिवात नव्हतं.

नंबर मात्र त्यांचा कधी आला नाही. पेट्या पाडण्यात ते पहिले असत. शेवटी एका वर्षी कमलताईंनी निर्वाणीचं सांगितलं. त्यांची दोन्ही मुलं मोठी झाली होती आणि चौघांना दोन सीटांत कोंबायचा कुठलाही उपाय होमिओपॅथीत नव्हता. "या रविवारी पहिला नंबर आला तर गाडी राहीन. नाही आला तर कामठीचा भंगारवाला घेऊन जाईन. मी त्याले सांगून ठेवलं."

डॉक्टरांचं जेवण उडालं. आठवडाभर त्यांनी स्टेअरिंगवर पेशंट बसू दिला नाही, सगळे डावीकडच्या सीटवर आणि मडगार्डवर. जाता येता ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहत.

रविवारी त्यांनी गाडी जशी चालवली तशी कधी चालवली नव्हती. एकही पेटी पडली नाही. शेवटच्या वळणावरून गाडी चौकोनाकडे आली ती धुळीचा लोट घेऊनच. वारा माझ्या तोंडावर. मला गाडी दिसेना, चुना दिसेना. तेवढ्यात धुळीतून आरोळी आली, "थांबून राहिलो! थांबून राहिलो!"

मी घड्याळ दाबलं. धूळ बसली तेव्हा गाडी चौकोनाच्या पार शेवटच्या रेषेला नाक लावून उभी होती. डॉक्टर दोन सेकंदांनी पहिले आले होते. टाळ्या झाल्या, कप हातात आला. कमलताई डब्यातला चिवडा सगळ्यांना वाटत होत्या आणि हरल्याचं तोंड करायचा प्रयत्न करत होत्या, पण जमत नव्हतं.

"बरं झालं तुम्ही ओरडलात," मी म्हणालो. "मला काही दिसत नव्हतं. तुम्ही थांबलो म्हणालात तेव्हा मी दाबलं."

डॉक्टरांचा चिवड्याचा हात तोंडाशीच राहिला. "मी थांबलो म्हटलं?"

"थांबून राहिलो म्हणालात."

"मंग? थांबून राहिलो म्हंजे थांबलो काय? ब्रेक दाबून राहिलो होतो ना, बावा! गाडी चालूनच राहिली होती! त्याच्यानंतर चांगली चार-पाच सेकंद सरकली!"

हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि मी कुणाला सांगणार नव्हतो. त्यांनी एकदा लाल गाडीकडे पाहिलं, एकदा कमलताईंकडे. मग तडक आयोजकांपुढे जाऊन कप टेबलावर ठेवला.

"हा कप सरांच्या व्याकरणाचा आहे," ते म्हणाले. "माह्या गाडीचा नाही."

आयोजक भले होते. त्यांनी पुन्हा एक फेरी दिली. या वेळी माझी गल्लत होऊ नये म्हणून डॉक्टर इतक्या आधीपासून ब्रेक दाबत आले की गाडी चौकोनाच्या दहा पावलं अलीकडेच बंद पडली. "थांबलो, सर!" ते शुद्ध पुणेरीत ओरडले. "आता खरंच थांबलो!" चौघांनी ढकलून ती चौकोनात आणली. नंबर शेवटून पहिला.

बुधवारी भंगारवाला आला. मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो होतो, कारण हे सगळं माझ्या कानांमुळे झालं होतं. डॉक्टर आत गोळ्या मोजत होते आणि त्यांचा आकडा सारखा चुकत होता. कमलताई पदर खोचून बाहेर आल्या. "गाडी नाही नेता येत," त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं. "पेशंट कुठं बसतीन जी? पंधरा वर्षं झाली बाकडं आणा म्हणून राहिली मी यांले."

तो गेल्यावर माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "कप ठेवून घेतला असता ना, तर विकलीच असती मी."

पुढे माझी पुण्याला बदली झाली. ऐंशीच्या दशकात एकदा नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टर अंथरुणाला खिळले होते. स्वतःच्या गोळ्या ते घेत नव्हते, यावरूनच मला दुखणं कळलं. गाडी टिनाखालीच होती. बाकडं अजून आलेलं नव्हतं.

"सर, मी आता जाऊन राहिलो," ते म्हणाले.

मी उगाच त्यांचं पांघरूण सारखं करू लागलो. त्यांनीच माझा हात दाबला. "घाबरू नका. जाऊन राहिलो म्हटलं, गेलो नाही म्हटलं. एवढ्यात घड्याळ दाबू नका."

मी हसलो आणि रडलोही.

पुण्याला परतल्यावर पंधरवड्याने कमलताईंचं पोस्टकार्ड आलं. पुण्याच्या माणसाला पाठवायचं म्हणून अक्षर न् अक्षर जपून लिहिलेलं. वर 'हे गेले' एवढंच, आणि खाली सही. त्या घरातलं वाक्य पहिल्याच खेपेला मला बरोबर समजलं, आणि या एकाच खेपेला माझी गल्लत व्हायला हवी होती.