जुन्या पेपरातला ‘अडाणी’

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, त्याच सुमारास माझे सासरे गेले. ते रेल्वेत होते. नागपूरहून गाडीने येणारा मराठी पेपर त्यांनी जन्मभर घेतला आणि एकही टाकला नाही. पुरानी बस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत अर्धी भिंत त्या गठ्ठ्यांनीच अडवली होती. सासूबाई म्हणाल्या, याचे लिफाफे करू, गोल बाजारातले हळद-मिरचीवाले घेतात.

त्यांची एक अट होती. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक पान मी आधी मोठ्याने वाचायचं, मगच त्या घडी घालणार. “तुह्या सासऱ्यानं एवढे जपले, ऐकल्याबिगर कसे फाडू?” मी चौथी शिकलेली, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पण त्यांच्यासमोर वाचायला भीती वाटत नसे.

सगळ्यात जुन्या गठ्ठ्यांत एक शब्द फार यायचा. अडाणी. देवीची लस टोचायची बातमी असली तर अडाणी बायका घाबरून पळाल्या. मतदान झालं तर अडाणी बायकांनीही रांगा लावल्या. मुलाला न्हाऊ कसं घालावं हा लेखही अडाणी मातांसाठी. लिहिणाऱ्याच्या मनात राग नसायचा, उलट कळकळच असायची. फक्त हे पान तसलीच एखादी बाई वाचत असेल, असं त्याला कधी वाटलेलं दिसत नाही. पुढच्या वर्षांच्या गठ्ठ्यांत तो शब्द विरळ होत गेला.

तो आला की मी गिळायची. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून, असं मनाला सांगायची.

त्याच दिवसांत साक्षरता वर्गाच्या एक दीदी आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, आल्या. मोहल्ल्यातल्या बायकांना संध्याकाळी शिकवायला त्यांना इथलीच बाई हवी होती.

“चौथी पास हो ना? बहुत है.”

त्यांनी शनिवारपर्यंत वेळ दिला. मी नाही म्हटलं तर वर्ग तलावापलीकडे जाणार होता, आणि दिवसभर कामं करून थकलेल्या आमच्या गल्लीतल्या बायका तेवढ्या लांब जाणार नव्हत्या. मला शिकवायचं होतं, पण तोंडातून ‘हो’ निघेना. नवरा बीरगांवच्या कारखान्यातून आला. “तुले जमते का, ते तूच पाय,” एवढं म्हणून जेवायला बसला.

शुक्रवारी वाचता वाचता मी पुन्हा अडखळले. सासूबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

“काय गिळलं वं?”

“काही नाही, आत्याबाई.”

“महिनाभर पाहून राहिली मी. बायाईची गोष्ट आली का तू थांबते. वाच.”

मी वाचलं. अडाणी स्त्रियांना वेळेचे भान नसल्यामुळे त्यांच्या गाड्या चुकतात, असं लिहिलं होतं.

सासूबाई हसत सुटल्या. “अवं, मालगाडीच्या भोंग्यावर म्या त्याईचा डबा भरला जन्मभर! एक दिवस ड्युटी चुकली काय? ज्यानं हे लिहिलं, त्याचा डबा कोण भरे, विचार त्याले!”

मग माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, “माह्यासाठी नाही गिळत तू. तुलेच लागते ते. म्हणून त्या दीदीले हो नाही म्हणत.”

“चुकलं तर बाया हसतील.”

“हसू दे. पयले मी बसतो पाटी घेऊन. माह्यावरच हसतील, तुह्याकडे कोण पाहते?”

शनिवारी दीदी आल्या. मराठीत नाही, हिंदीतही नाही, माझ्या तोंडातून इथल्या बोलीतला होकार, नुसतं “हव” निघालं. त्यांना तेवढं पुरलं.

पहिल्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर अकरा जणी आल्या. सासूबाई सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या. शेजारची त्यांना आईच्या नात्याने दाई म्हणायची, ती म्हणाली, “ए उमर म कलेक्टर बनबे का, दाई?”

“बनूंगी ना. राजधानी झाली, कलेक्टर तो लगेंगे!”

सगळ्या हसल्या. त्या गडबडीत मी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं आणि तोंडातल्या तोंडात म्हटलं.

“दीदी, जोर से बोलो,” मागून एक मला म्हणाली, “यहाँ तक नहीं आ रहा.”

मी जोरात म्हटलं. अकराही जणी माझ्यामागून म्हणाल्या.