माझ्या जागी वाजलेली व्हायोलिनं

दिग्दर्शक माझा मलकापूरचाच दोस्त. त्याच्या पहिल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत मी केलं होतं. मोताळ्याहून डफडं वाजवणारी माणसं आणली, घरातल्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या आणि तिथं ते रेकॉर्ड केलं. त्यानं ऐकून मान डोलावली. नंतर मला न सांगता सगळं काढलं आणि मुंबईच्या एका संगीतकाराकडून नवं करून घेतलं. हे मला कळलं ते थेट टॉकीजमध्ये, आई शेजारी बसलेली असताना. पडद्यावर माझ्या डफड्याच्या जागी व्हायोलिनं सुरू झाली.

आईनं माझा हात दाबला. "लय गोड वाजवलं रे बापू," म्हणाली. तिला पडद्यावरच्या नावांच्या पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून तेवढी अब्रू राहिली.

तेव्हापासून मी त्या दोघांना पाण्यात पाहत आलो.

काही वर्षांनी तोच दोस्त दारात उभा. दुसरा सिनेमा तयार होता, संगीत त्याच मुंबईवाल्याचं, आणि निर्मात्यानं ते नापास केलं होतं.

"तुह्यासारखं मातीतलं पाह्यजे म्हंते तो. करशीन ना बे?"

"करतो. पन आधी त्याले फोन लाव. माह्यासमोर."

माझं संगीत काढलं तेव्हा मला कोणी फोन केला नव्हता. दोस्तानं मुकाट्यानं लावला आणि सांगितलं. पलीकडचा "ठीक आहे" एवढंच म्हणाला. माझ्या काळजात थंडावा पसरला, खोटं कशाला बोलू?

आमच्या धंद्यात बदली संगीत करणारा आधीचं ऐकत नाही, कारण ते डोक्यात बसतं. मी मुद्दाम ऐकलं, चहा घेत घेत, शेवटपर्यंत. चांगलं होतं, तेच जास्त झोंबलं. मग त्यानं जिथं हळू वाजवलं तिथं मी डफडं कडाडवलं, त्यानं शांतता ठेवली तिथं सनई घातली. त्याचा मागमूस ठेवायचा नाही, एवढंच मनात होतं. पडद्यावर काय चाललंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

सिनेमा लागला तसं आईला त्याच टॉकीजमध्ये नेलं. पाटीवर माझं नाव आलं, ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढं नायकाची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडते, तिथं माझी सनई सुरू झाली. आई कानाशी वाकली.

"बापू, ते बाई रडून राह्यली, अन् हे काऊन एवढं वाजून राह्यलं? तिचं रडनं आयकूच येत नाई."

थोड्या वेळानं ती परत वाकली.

"मांगच्या पिच्चरले तू चांगलं केलं होतं. तसं काऊन नाई केलं?"

आता संध्याकाळी ती मला मोबाईलवर 'तुहं ते जुनं' लावायला सांगते. मी त्या मुंबईवाल्याची व्हायोलिनं लावतो. आई डोळे मिटून ऐकते आणि मी शेजारी दातओठ खात बसतो.