नळीकडे बघणारा म्हातारा

मी चालवायचो ती ठेकेदाराची जीप जंगलात सागाच्या खुंटांवर आदळायची, म्हणून चाकांवरच्या कमानींत जादा पाटे घालून मी ती उंच करून घेतली होती. आलापल्लीला निघालो होतो, आष्टीला एक म्हातारा चढला. वाटेतल्या आपल्या गावी उतरतो म्हणाला.

चाक नाल्यात लटकलं की तो गाडी थांबवायला लावी. खाली उतरून उकिडवा बसे, चाकामागची ब्रेकची रबरी नळी चाचपे, बोटं धोतराला पुशी आणि परत येऊन बसे. मला काही उमजेना. भ्याला म्हणावं, तर परत बसतो कशाला?

शेवटी तोच बोलला, "भाऊ, गाडी उंच केली, पन नळीले कोनी सांगितलंच नाई. ते तानून राह्यली, तेल पाझरते, बिरेक कवाबी जाईन. लांब नळी टाका."

त्याचं गाव आलं आणि मागेही पडलं, तरी तो हलेना. आलापल्लीला मिस्त्रीने नळी बदलायला घेतली, तेव्हा हा उठला आणि आलो त्याच वाटेने पायी निघाला.

मी गोंधळून ओरडलो, "अहो, गाव तर मागेच राहिलं तुमचं!"

"माहीत हाये," तो वळून म्हणाला. "पन बाजूले मानूस बसला असला का, तुमी हळू चालवता."