एक्केचाळीसवर थांबलेलं पाणी

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दगडी भुयार. एका तोंडाला खाडी, दुसऱ्याला आमची भातशेती. तिच्यातला गाळ काढायची आमच्याकडे रीत आहे. एकाने आत उतरायचं, दुसऱ्याने बांधावर बसून पाण्यावर नजर ठेवायची आणि भरती लागली की हाक मारायची. आत वाकून काम करणाऱ्याला त्या हाकेचाच भरवसा.

त्या दुपारी काका आत उतरला होता आणि वर मी. वर म्हणजे, खरं सांगायचं तर, बांधाच्या अलीकडे, पत्र्याच्या खोपटात. सर्किटं बनवणं हा माझा धंदा आणि नको तिथे शहाणपणा करणं हा स्वभाव. खाडीत मी पाण्याची उंची मोजणारा सेन्सर सोडला होता. त्याच्या व्होल्टेजचा आकडा करणारी एडीसी चिप खोपटातल्या डब्यात होती, आणि आकडा डब्यावर दिसायचा. मग उन्हात बांधावर कोण मरायला बसतंय?

वीज गेली आणि पापणी लवायच्या आत आली. डबा उजळला. एक्केचाळीस सेंटिमीटर. आधीही एक्केचाळीसच होते, म्हणून मला बरं वाटलं.

वारा पडला होता. उघाडीतून काकाच्या फावड्याची खरखर ऐकू येत होती, ती थांबली. भर उन्हात सगळं गप्प झालं. मी आकड्याकडे पाहिलं. एक्केचाळीस. पाणी कधी इतकं निश्चल नसतं. आकडा एकाने तरी मागेपुढे होतोच. हा हलत नव्हता. मेलेल्या माणसाच्या उघड्या डोळ्यासारखा नुसता माझ्याकडे बघत होता.

मला भीती वाटली. आणि मी केलं काय? बांध दहा पावलांवर होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मी आरसाच पुसत बसलो. बटण बंद केलं, लगेच चालू केलं. एक्केचाळीस. पुन्हा बंद, पुन्हा चालू. एक्केचाळीस.

दारात सावली पडली. काका होता, छातीपर्यंत ओला, हातात फावडं नव्हतं.

"पानी वाढलं तसे चिखलातले निवटे मासे भिंतीवर चढाया लागले," तो म्हणाला, "तवा समजलं."

एवढंच बोलून तो घरी गेला.

दोष सापडायला मला आठवडा लागला. वीज घाईत गेली-आली की चिपची वीज शून्यावर जातच नाही. शेजारचा वीज साठवणारा कपॅसिटर चिपला अर्धवट जिवंत धरून ठेवतो. पुरती मेलेली नसते म्हणून ती नव्याने उठतही नाही, शेवटचाच आकडा बोलत राहते. मिनिटभर थांबून चालू केलं की साळसूद. मी कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर लावला. शिवाय रिसेटच्या पिनेवर एक छोटी चिप पहाऱ्याला बसवली, वीज पूर्ण चढून स्थिर होईपर्यंत एडीसीला दाबून धरणारी. मग चिडून कितीतरी वेळा बटण खटखटवलं. दरवेळी ती नीट उठली.

डबा घेऊन काकाकडे गेलो. सेन्सर बादलीत सोडला, बंद-चालू करून दाखवलं, पाणी ओतलं. आकडा चढला. मी सगळं समजावून सांगितलं.

"बरा केलास," तो म्हणाला. "पन बांधावर मी तुला बसवलं व्हतं. त्याला न्हाय."