बाबांची दाढ

बाबांचं कपाट आवरताना लवंगतेलाची बाटली सापडली आणि त्या वासाने आर्वी गावातला दातांचा दवाखाना आठवला. मी आठ वर्षांची होते; दाढ ठणकत होती, तरी डॉक्टरांपुढे तोंड उघडत नव्हते. "काऊन भेऊन राह्यली वं? पाह्य, मी बसून दाखवतो," म्हणत बाबाच ऐटीत खुर्चीत बसले. डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं. "काकाजी, पोरीच्या आधी तुमचीच दाढ काढा लागते!" बाबांनी माझा हात घट्ट धरला. "भेऊ नका बाबा, मी आहो ना," मी म्हणाले. त्यांची दाढ निघाल्यावर मात्र मी आपणहून खुर्चीत चढले आणि मोठा आ केला. यंदा शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात तसाच धरला, तेव्हा मी तेच वाक्य म्हटलं. बाबा इतके हसले, की ती जुनी फट दिसली.