वाकून घेतलेला रेनकोट

दोन हजार तेवीस साल. मले एकाहत्तरावं चालू होतं. त्या पावसाळ्याच्या तोंडावर बायकोच्या छातीत कफ भरला. वाशिमच्या डॉक्टरनं बजावलं, आजीले भिजू देऊ नका, पुन्हा भरला तर जड जाईल. एसटीत ती म्हणाली, "डॉक्टरले सांगाले काय जाते. सोयाबीन तो निंदून देते काय?"

आमच्याकडे निंदण बायांचं. माणूस वखर धरीन, फवारा मारीन, पण खुरपं घेऊन बायांच्या रांगेत बसला की गाव हसते. मीही लोकाले हसलो आहे. पाऊस आला तरी बाया उठत नाहीत. खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की झाली खोळ, ती डोक्यावरून पाठीवर सोडायची. पाठ झाकते, छाती अन् हात ओलेच.

पोरानं एक रेनकोट आणला. जाड होता, पण गाडीवर बसणाऱ्याचा. ती वाकली की तो मागून वर सरके, कंबर उघडी पडे, अन् टोपीवरचं पाणी सरळ गळ्यात. दोन दिवसांत तिनं तो खुंटीले टांगला.

"अवो, याच्यात उभ्यानं निंदावं लागते," ती म्हणाली, अन् पुन्हा खोळ घेऊन गेली.

मंग मीच रिसोडले गेलो. दुकानदारानं ढीग काढला. एकेक कोट अंगात घालून मी तिथंच उकिडवा बसलो अन् हात चालवत पुढं सरकलो.

"काका, काय हरवलं?"

"काई नाई. निंदून पाहून राह्यलो."

"लोकं आरशात पाहतात."

"त्याहिले उभं राहाचं असते."

चौथा जमला. मागून लांब, टोपीले आवळायची दोरी, शिवणीवर आतून पट्टी. बाटलीतलं पाणी शिवणीवर ओतून पाहिलं, तेव्हा दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

घरी तिले समजावलं, चुलीपाशी वाळवू नको, पट्टी सुटते. ओला घडी करू नको, बुरशी धरते. चिखल नुसत्या पाण्यानं काढ अन् उलटा करून सावलीत टाक. तिचं ध्यान राहत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी मीच तो धुऊन दोरीवर टाकू लागलो.

"माझं येवढं केलं काय कधी?" ती म्हणाली. मी कोट झटकत राहिलो.

एक दिवस दुपारी भाकर घेऊन वावरात गेलो. पाऊस चालूच होता. बाया पुढं निघून गेल्या होत्या, तिची एकटीची पात, म्हणजे निंदायची ओळ, मागं राहिली होती, अन् ती बांधावर बसून दम खात होती. मी कोटाच्या आत हात घालून पाहिला. लुगडं कोरडं होतं.

"कोट चांगला आहे," ती म्हणाली. "मीच चांगली नाई आता."

"उद्या यायचं नाई."

"अर्धं वावर राह्यलं. कोन निंदते? तुमी?"

तिकडून कोणी बाई हसली. तिले हाताले धरून घरी आणलं, कोट धुतला, दोरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिरमिर चालू होती. ती झोपून होती. मी तो कोट अंगात घातला, तिचं खुरपं घेतलं, अन् वावरात जाऊन बायांच्या मधात तिची पात धरली.