डाव्या मडगार्डाचा पोचा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी डहाणूहून तलासरीच्या एसटीत बसले... मांडीवर बुटांचा खोका आणि खोक्यात एक ट्रक. कंडक्टरने तिकीट देताना दोनदा वाकून पाहिलं.

माझं हे वेड तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. सनबोर्ड, आइसक्रीमच्या काड्या, संपलेल्या रिफिली, असं काय काय कापून मी गाड्यांची मॉडेल्स करते. खऱ्या गाडीपेक्षा चोवीसपट लहान. मसोलीच्या आमच्या घरातल्या शोकेसमध्ये आता कपबशांना जागा उरलेली नाही...

हा ट्रक मात्र शोकेससाठी नव्हता. माझ्या ऑफिसातल्या सुनंदाचे वडील, नाना, तीस वर्षं एका शेठची गाडी चालवायचे. डहाणूचे चिकू, गवताच्या गाठी घेऊन गुजरातेत जायचं, येताना मिळेल तो माल आणायचा. त्या गाडीचा एक जुना फोटो सुनंदाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि असा ट्रक जमेल का, म्हणून विचारलं. नानांचं हल्ली कशात मन लागत नाही, नजरही कमी झालीय, एवढंच म्हणाली.

दोन महिने लागले. केबिनवरच्या पाटीवर ‘महालक्ष्मी कृपा’ एवढी दोन शब्दांची अक्षरं रंगवायला एक अख्खी दुपार गेली... झिरो नंबरचा ब्रश, श्वास रोखून. इतकी सुबक अक्षरं मी आधी कधी काढली नव्हती.

तलासरीला सुनंदाच्या घरी पोचले तेव्हा नाना ओटीवर खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, नाना, तुमची गाडी आणलीय. त्यांनी हात पुढे केले... पण खोका होता त्या बाजूला नाही, माझा आवाज आला त्या बाजूला.

तेव्हा मला कळलं. काचबिंदूने त्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच उमगत होतं. सुनंदाच्या तोंडून तो शब्द निघत नसावा, म्हणून ती ‘नजर कमी झालीय’ म्हणत होती.

मी ट्रक त्यांच्या मांडीवर ठेवला. बोटं बोनेटवरून फिरली, केबिनमध्ये गेली, बाजूचे दोरी बांधायचे हूक त्यांनी एकेक करून मोजले. मागचा फाळका उघडतो हे कळल्यावर चेहरा जरा सैल झाला. मग हात परत पुढे आला, केबिनवरच्या पाटीवर. तिथे बोटं इकडून तिकडे, तिकडून इकडे...

“नाव नाही टाकलं का, ताई?”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. पाटीवर नाव होतं, लालभडक, सोनेरी किनारीचं.

“राहिलंय, नाना,” मी म्हटलं. “पुढच्या रविवारी टाकून आणते.”

त्यांनी मान हलवली. मग डाव्या मडगार्डावर अंगठा फिरवत म्हणाले, इथे एक पोचा होता. केवढा, असं मी विचारलं तर तळहात दाखवला आणि लगेच म्हणाले, जाऊ दे, पोचा कोण मुद्दाम करतं?

घरी आल्यावर मी ट्रक टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून हात फिरवला. हेडलाइटच्या कडा नव्हत्या, जाळी नव्हती, नंबर प्लेट नव्हती. जे जे मी जीव ओतून रंगवलं होतं, ते काहीच नव्हतं... उलट जिथे गोंद ओघळला होता, तो मात्र बोटाला ठसठशीत लागत होता.

त्या आठवड्यात रोज ऑफिसातून आल्यावर तेच काम. कार्डशीटची अक्षरं कापून चिकटवली, जाळीच्या जागी काड्या बसवल्या, गोंद घासून काढला. मडगार्ड आइसक्रीमच्या डब्याचं होतं, त्याला खिळ्याचं तापलेलं डोकं हलकेच टेकवलं. तुरीच्या दाण्याएवढा पोचा झाला.

पुढच्या रविवारी नानांनी आधी पाटी वाचली. एकेक अक्षर, सावकाश... ‘कृपा’ला पोचल्यावर दोनदा वाचलं. मग हात खाली गेला आणि मडगार्डावर थांबला. अंगठा त्या खळग्यावर टेकला, तो हलेचना.

“सुनी,” ते म्हणाले, “हा पोचा तुझा आहे.”

मग त्यांनी सांगितलं. ते तेव्हा डहाणूजवळ कैनाडला राहायचे. नाना सुरतेहून माल घेऊन येत होते, वाटेत घरी डोकावले तर बायकोच्या पोटात दुखायला लागलेलं. तिला तसंच भरल्या गाडीच्या केबिनमध्ये बसवून डहाणूच्या दवाखान्यात नेलं. आयुष्यात गाडी कधी कुठे घासली नाही, त्या दिवशी घाईत दवाखान्याच्या फाटकाच्या खांबाला लागली. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे. माल पुढे पोचवायचा होता... सोबत आलेल्या वहिनीला, म्हणजे सुनंदाच्या काकूला, तिथे बसवलं आणि नाना निघाले. शेठ नंतर कितीदा म्हणाला, पोचा काढून घे, पण गाडी विकेपर्यंत यांनी काही ना काही कारण काढून तो तसाच ठेवला.

सुनंदाची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं काकूने.

“काकू सांगायची, मी झाले तेव्हा तुम्ही नव्हतात,” सुनंदा हळूच म्हणाली. “आठव्या दिवशी आलात.”

“आठव्याच दिवशी आलो,” नाना म्हणाले. “पण दवाखान्यात पोचवायला मीच होतो.”

सुनंदा खुर्चीजवळ खाली बसली. नानांनी चाचपडत तिचा हात धरला आणि तिचं बोट त्या खळग्यावर ठेवलं... मी पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ आतच थांबले.

अकरा वर्षं मी ही मॉडेल्स करतेय. लोक येतात, काचेतून बघतात, हुबेहूब आहे म्हणतात, चहा पितात, जातात. माझं काम इतकं नीट, इतका वेळ देऊन आजवर कुणीच पाहिलं नव्हतं... नाना, तुमचे आभार कसे मानू, कळत नाही.